रान परतलं, गाव नाही

सिंगापुरात राहणारा माणूस बेटावरच राहतो, पण ते त्याला जाणवत नाही. समुद्र कुठल्या बाजूला आहे हे सांगायला थोडा विचार करावा लागतो. देशातली दहापैकी आठ माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात, खाली बाजार, शेजारी मेट्रोचं स्थानक. पाणी, माती आणि आभाळ एकत्र पाहायचं तर ईशान्येला पुलाव उबिन या छोट्या बेटाकडे जावं लागतं. सिंगापूर आणि मलेशियाचं जोहोर राज्य यांच्यामधल्या अरुंद खाडीत पडलेला हा सुमारे दहा चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. माझं गाव हिवरखेड, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. समुद्राशी आमचा संबंध नाही. जंगलाशी मात्र रोजचा आहे, कारण उत्तरेकडे पाहिलं की मेळघाटची निळी रेघ दिसते. तेव्हा उबिनकडे मी दर्यावर्दी माणसाच्या नजरेनं पाहू शकत नाही, रानाच्या कडेच्या गावकऱ्याच्या नजरेनंच पाहतो. एकट्यानं दिवसभर त्या बेटावर हिंडताना माझं एक मत पक्कं होत गेलं आणि हा लेख त्यासाठीच आहे. उबिनवर जो एकांत मिळतो तो मुळातला नाही, तो माणसं निघून गेल्यामुळे तयार झालेला आहे. त्या बेटावर असंही दिसतं की माणसं गेली की रान परत येतं, पण एकदा मोडलेलं गाव परत येत नाही. जंगल राखण्याचा हिशेब मांडताना आपण पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहितो आणि दुसरी लिहीतच नाही.

चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटी सुटतात. त्यांना वेळापत्रक नाही. बारा माणसं झाली की बोट निघते, आणि कुणाला आधीच निघायचं असेल तर त्यानं बाराही जणांचे पैसे द्यायचे. मिनिटामिनिटाला चालणाऱ्या त्या देशात ही पद्धत टिकून आहे याचं परदेशी पाहुण्यांना नवल वाटतं. वऱ्हाडच्या माणसाला वाटणार नाही. अकोट-तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरची काळी-पिवळी याच न्यायानं चालते, शीटं भरली की गाडी हलते. फरक वाट पाहण्यात आहे. आमच्याकडे गाडी भरेपर्यंत निम्म्या गाडीची एकमेकांशी ओळख झालेली असते. कोन्या गावचे, कोनाकडचे पाव्हने, सोयाबीन काय भावानं गेलं, सगळं निघतं. चांगीच्या धक्क्यावर बाराही माणसं शांत बसतात, कुणी कुणाला काही विचारत नाही, आणि तरी बोटीत चढताना म्हाताऱ्या माणसाला हात देतात, सायकलवाल्याला जागा करून देतात. हा रुक्षपणा नाही. दाटीवाटीनं राहणाऱ्या शहरानं एकमेकांना मोकळं सोडण्याची घातलेली ती रीत आहे. एकट्या माणसाला ती सोयीची पडते. आमच्याकडे रानात एकटा निघालेला माणूस दिसला की गावाला काळजी वाटते, इथं त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण हा फरक केवळ स्वभावाचा नाही. कुणीतरी ‘कुठं चाललात’ विचारायला वाटेवर घर लागतं, ओसरी लागते, तिथं बसलेला माणूस लागतो. उबिनवर तो माणूस आता फारसा उरलेला नाही.

बोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे पोचते. वरून चांगी विमानतळावर उतरणारी विमानं जात असतात, खाडीत मासे पाळण्याचे तरंगते सांगाडे दिसतात, पल्याड जोहोरचा किनारा. उबिनच्या धक्क्यावर उतरलं की एक आखूड रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांची लाकडी दुकानं, भाड्याच्या सायकलींच्या रांगा, शहाळी, थंड सरबतं, एकदोन खाणावळी. चौकात चिनी गावदेवाचं मंदिर आहे, ‘दा बो गोंग’ या रक्षक देवाचं, आणि त्याच्यासमोर संगीत नाटकांसाठी बांधलेला कायमचा रंगमंच. देवासाठी नाटक आणि देवासमोर रंगमंच ही कल्पना ज्यांच्या जत्रांत रात्र-रात्र तमाशे आणि खडी गंमत झाली, त्यांना समजावून सांगायला नको. चौक मात्र रंगमंचाच्या मानानं लहान वाटतो, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. १९७०च्या सुमारास या बेटावर दोनेक हजार माणसं राहत होती. आज ती तीस-चाळीसच्या घरात असतील, तीही बहुतेक वयस्क. १९५२ मध्ये गावानं बांधलेली बिन किआंग नावाची चिनी शाळा होती, एके काळी तिचा पट चारशेपर्यंत गेला होता. मुलं संपली म्हणून ती १९८५ मध्ये बंद झाली आणि २००० मध्ये इमारतही पाडली गेली. शाळा बंद होणं ही गावाच्या बाबतीत शेवटाची सुरुवात असते, हे ज्यांनी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट घसरताना पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. चौकातल्या दुकानदारांचं वागणं मात्र उतावीळ नाही. सायकल हवी तर घ्या, नको तर चाला, शहाळं फोडून हातात देतील आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसतील. गिऱ्हाईक ओढायची धडपड नाही. ज्या गावात आता गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त, तिथं यजमानपण टिकवून धरणं सोपं नसतं, आणि ते या माणसांनी टिकवलंय.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही माणसं कुणी हाकलून लावली नाहीत, ती आपण होऊन गेली. बेटावर आजही मुख्य भूमीची वीजवाहिनी नाही, नळाचं पाणी नाही. विहिरी आहेत आणि डिझेलवर चालणारी जनित्रं आहेत. अलीकडे धक्क्याजवळच्या दुकानांसाठी सौरऊर्जेची छोटी व्यवस्था झाली, तेवढीच. ग्रॅनाइटच्या खाणी बंद होत गेल्या तसा रोजगार गेला. पलीकडे पक्कं घर, दवाखाना, शाळा, पगाराची नोकरी. मग शहाणा माणूस जाणारच, आणि त्याच्या जाण्याचं दुःख मानणारा पाहुणा त्याच्या हालअपेष्टांना सुंदर म्हणत बसतो. हा आक्षेप मला मान्य आहे, जितका तथ्याचा आहे तितका. गरिबीत शोभा नसते. खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मचूळ पाणी प्यालेल्या गावांना वान धरणाच्या ८४ खेडी योजनेचं पाणी आलं तेव्हा कुणी जुन्या विहिरींसाठी हळहळलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण ‘आपण होऊन गेली’ या शब्दांत एक गोष्ट लपते. जमीन सरकारी झाली आणि उरलेल्या घरांना आपल्याच घरात राहण्यासाठी तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना घ्यावा लागू लागला. २०१३ मध्ये काही घरांना जागा रिकामी करण्याच्या योजनेसाठी मोजणी होणार अशा नोटिसा आल्या तेव्हा सिंगापुरात मोठी हळहळ व्यक्त झाली, आणि कुणाला उठवणार नाही असा खुलासा शासनाला करावा लागला. ज्या घराचा उद्या सांगता येत नाही त्या घरात सुनेला कोण आणणार? सुविधा न देणं आणि मालकी न ठेवणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस स्वेच्छेनं निघतो असं म्हणणं अर्धवट राहतं. सिंगापुरात शासनानं ठरवलं असतं तर ही वाडी नांदती ठेवणं अवघड नव्हतं. एवढ्याशा खाडीतून वीज नेणं या देशाला जड नाही.

गावामागच्या रस्त्यानं पश्चिमेकडे निघालं की लगेच पेकानची खाण लागते. खाण म्हणजे आता खोल, हिरव्यागार पाण्याचं तळं आहे, भोवती उभे कडे आणि मधल्या झाडांवर बगळ्यांची वीण. एकोणिसाव्या शतकापासून इथला ग्रॅनाइट फुटत होता. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी खडकावर उभा असलेला हॉर्सबर्ग दीपस्तंभ १८५१ मध्ये पेटला, त्याचे चिरे या बेटावर घडवले होते. सिंगापूरला जोहोरशी जोडणारा, १९२४ मध्ये रीतसर खुला झालेला समुद्रातला भराव-रस्ताही इथल्या दगडानं भरला. शेवटची खाण १९९९ च्या सुमारास थांबली. म्हणजे आज जिथं राखी बगळा पिलांना भरवतो तिथं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत सुरुंगाचे बार उडत होते. एका पिढीच्या आत निसर्गानं ही जागा ताब्यात घेतली. त्याला कुणी रोपं लावावी लागली नाहीत, फक्त काम थांबावं लागलं. मेळघाटात हेच दिसतं. व्याघ्रप्रकल्पासाठी पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी, जिथं तूर आणि ज्वारी डुलत होती तिथं, आता कुरणं उभी राहिली आहेत आणि त्यावर सांबर-गवे चरतात. रानाची चिकाटी आपण नेहमी कमी लेखतो. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता. नामशेष झाला असंच अभ्यासक धरून चालले होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला, आणि पुढे कळलं की मेळघाट हेच त्याच्या हक्काच्या घरांपैकी एक आहे. एकशे तेरा वर्षं तो तिथंच होता.

याला जाणकार असं उत्तर देतील की परत आलेलं रान खरं रान नव्हेच. उबिनवर जे उभं आहे ते दुय्यम जंगल आहे, रबर, नारळ आणि फळबागांच्या जुन्या लागवडीवर वाढलेलं. पूर्वी इथं जी मूळची महावृक्षांची अरण्यं होती ती काही उगवली नाहीत. खरं आहे. सिंगापूरचा शेवटचा रानटी वाघ १९३०च्या सुमारास मारला गेला, तोही परतलेला नाही. त्यामुळे ‘रान परत येतं’ हे माझं म्हणणं मी मर्यादेसह करतो. जवळपास कुठंतरी जिवंत रान शिल्लक असेल तरच ते येतं. उबिनवर याचा पुरावा डोक्यावरून उडत जातो. काळ्यापांढऱ्या रंगाचा, चोचीवर शिंग असलेला कवड्या धनेश सिंगापुरातून एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. १९९०च्या दशकात खाडी ओलांडून जोहोरच्या बाजूनं काही पक्षी उबिनवर आले, इथं वीण झाली, मग संशोधकांनी त्यांना घरट्यासाठी लाकडी पेट्या टांगून दिल्या, आणि आता तो मुख्य बेटावरच्या इमारतींमधल्या झाडांवरही दिसतो. शेजारी बीज होतं म्हणून परत येणं शक्य झालं. नेमक्या याच ठिकाणी गावाची गोष्ट वेगळी पडते. रानाचं बीज वाऱ्यानं येतं, पाखराच्या पोटातून येतं, ते सरहद्द मानत नाही. गावाचं बीज माणसांच्या डोक्यात असतं. कोणत्या ओहोळाला केव्हा पाणी येतं, कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कुठला धुरा कुणाचा, हे शेजारच्या गावाला माहीत नसतं. ती माणसं पांगली आणि वारली की ते पुन्हा उगवायला कुठलंही जोहोर शिल्लक राहत नाही.

पुढचा रस्ता केताम खाणीकडे जातो, बराचसा सावलीतून. अधूनमधून सरळ रांगेत उभी असलेली जुनी झाडं दिसतात, खोडांवर तिरप्या चिरा पडलेल्या. ती रबराची. आता त्यांच्यावर वेली चढल्यात, मधून रानटी रोपं आलीत, आणि रांग हीच काय ती माणसाच्या हाताची खूण उरली आहे. आणखी पुढं दुरियानची जुनी झाडं आहेत. हंगामात फळ पडेल म्हणून लोक झाडाखाली ताटकळत उभे असतात, पण झाड लावणाऱ्याचं नाव त्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. सिंगापूर आणि जोहोर या सगळ्या पट्ट्यात रबराच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, चिनी कास्तकार मिरी आणि गॅम्बियर लावत. गॅम्बियर म्हणजे आपल्या कातासारखा अर्क देणारं झुडूप, विड्यात आणि कातडी कमावायला वापरलं जाणारं. ते उकळायला सरपण म्हणून आसपासचं जंगल तोडलं जाई, जमीन थकली की मंडळी पुढं सरकत. या माहितीपाशी हिवरखेडचा माणूस थबकतो, कारण मिरीची चुलत बहीण आमच्याकडे आहे. अंजनगाव सुर्जीपासून अकोट, हिवरखेड, दानापूरपर्यंतच्या पायथ्याच्या पट्ट्यात पानमळे आहेत आणि पानपिंपरी आहे. नागवेल आणि पिंपरी, दोन्ही मिरीच्याच कुळातल्या. बारी समाजानं ही शेती शतकानुशतकं सांभाळली. ऐन वैशाखात, जिथं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तिथं, सावलीला हेटा आणि शेवरी लावून, पाटाचं पाणी मोजून देऊन, दमट प्रदेशातली वेल जगवायची ही विद्या कुठल्याही कृषी पुस्तिकेत पुरती उतरलेली नाही. पानमळे आता आकसत चाललेत. पाणी खोल गेलं, रोग वाढले, बाजार हलला, पोरं शहरात गेली. मळा मोडला तर त्या जागी कपाशी येईल, हरभरा येईल, पडीक ठेवला तर बाभूळ येईल. जमिनीचं काही अडणार नाही. वेल कशी चढवायची आणि केव्हा उतरवायची हे मात्र त्या जमिनीला आठवणार नाही.

केतामच्या वाटेवर एक लहानसं पिवळं देऊळ आहे, त्यात मूर्तीच्या जागी बाहुली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, इथल्या जर्मन मळेवाल्याला पकडायला इंग्रज शिपाई आले, त्याची मुलगी भिऊन रानात पळाली आणि खाणीच्या कड्यावरून पडून मेली, अशी कथा सांगतात. मजुरांनी तिच्या अस्थी जपल्या आणि पूजा सुरू केली. तिला वाहायला लोक अत्तर, आरसा, कंगवा, नखांचा रंग आणतात. कथेतलं किती खरं हा इतिहासाचा प्रश्न आहे. मला त्यात चिनी मजुरांची माणुसकी दिसते. परक्या देशातून आलेल्या, परक्या धर्माच्या, अकाली मेलेल्या पोरीला त्यांनी एकटं सोडलं नाही. आपल्याकडे पाण्याच्या कडेच्या आसरा आणि शिवेवरची मरीमाय याच भावनेतून आल्या आहेत. आणि देव हा गावाचा सर्वांत चिवट भाग असतो, हे दोन्हीकडे दिसतं. उबिनच्या चौकातल्या मंदिराचा उत्सव साधारण वैशाख पौर्णिमेच्या सुमारास येतो, तेव्हा बेट सोडून गेलेली कुटुंबं बोटी भरभरून परत येतात, रंगमंचावर नाटक होतं, चौक पुन्हा माणसांनी भरतो. आमच्या मेळघाटात धारगडचा महादेव आहे. धारगड गाव उठलं, त्याचं पुनर्वसन खाली सपाटीला झालं, पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोट-तेल्हाऱ्याकडून हजारो माणसं आजही त्या गुहेकडे जातात. मग गाव परत येतंच की, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, वर्षातून एक दिवस येतं आणि संध्याकाळी निघून जातं. यात्रा म्हणजे गाव नव्हे. यात्रेला चूल लागत नाही, शाळा लागत नाही, बाळंतीण लागत नाही. उलट या एका दिवसाची गर्दीच सांगते की जाणाऱ्यांचं मन त्या जागेवरून उठलेलं नव्हतं.

मेळघाटच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता, आणि वाघाला माणसाच्या वावराशिवाय मोकळी, सलग जागा लागते हे शास्त्र मला पटतं. सिंगापुरानं वाघ घालवला, आपण अजून घालवलेला नाही, ही काही लहान गोष्ट नाही. कोरकू आदिवासींच्या कित्येक कुटुंबांनी दवाखाना आणि रस्ता मिळावा म्हणून स्वतः होकार दिला हेही खरं. पण होकारानंतरचा हिशेब नीट झाला असता तर केलपाणी, गुल्लरघाट या गावांची माणसं पुन्हा जुन्या जागेवर जाऊन बसली नसती आणि २०१९ च्या जानेवारीत वनखातं आणि पोलिसांशी त्यांची चकमक उडाली नसती. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. जंगलाच्या बाजूनं किती हेक्टर मोकळे झाले, किती गवत वाढलं, किती वाघ झाले याच्या नोंदी आहेत आणि असाव्यात. गावाच्या बाजूनं काय गेलं याची वही कुणी घातली? मुठवा देव कुठल्या झाडाखाली होता, मोहाची कुठली झाडं कुणाच्या वाट्याची होती, नाल्यांना कोरकू भाषेत काय म्हणत, ही नोंद मोबदल्याच्या कागदात बसत नाही. म्हणून ती होत नाही.

केतामहून परत फिरून पूर्वेच्या टोकाला जाताना पुआका टेकडी चढता येते, ही बेटावरची सर्वांत उंच जागा, पाऊणशे मीटरच्या आतबाहेरची. नरनाळ्याचा किल्ला पाहिलेल्या माणसाला ती टेकडी म्हणजे उंचवटाच वाटतो. वरून मात्र खाणीचं तळं, त्यामागं जंगल आणि त्यामागं जोहोरच्या इमारती असं सगळं एका नजरेत येतं. तिथून उतरून रस्ता चेक जावा या किनाऱ्याला जातो. एवढ्याशा जागेत किनाऱ्याचं जंगल, कांदळवन, समुद्री गवताचा पट्टा, वाळू, खडक आणि प्रवाळाचा चुरा असे सहा वेगवेगळे अधिवास शेजारी-शेजारी आहेत. ओहोटीला पाण्यावरच्या वाटेवरून खाली पाहिलं तर चिखलावर उड्या मारणारे मासे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे, गाठाळ तारामासे दिसतात. समुद्र न पाहिलेल्या माणसाला इथं एका दुपारी जेवढं शिकता येईल तेवढं क्वचित कुठं येत असेल. आणि ही जागा भराव टाकून बुजवायचं ठरलं होतं. १९९२ च्या आराखड्यात तसं होतं, कारण सिंगापूरला जमिनीची भूक आहे आणि त्यानं समुद्र भरूनच आपला विस्तार वाढवला आहे. २००० च्या अखेरीस काही निसर्गप्रेमींच्या लक्षात आलं की इथं काय दडलंय. मग स्वयंसेवक जमले, संग्रहालयाच्या अभ्यासकांनी जीवांची नोंद केली, लोक ओहोटीच्या वेळा पाहून रांगा लावून पाहायला आले, शासनाकडे निवेदनं गेली. डिसेंबर २००१ मध्ये, काम सुरू होण्याच्या तोंडावर, भराव स्थगित झाला. शिस्तप्रिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात नागरिकांनी नोंदी करून, शांतपणे, शासनाचं मत बदललं. पुढे २००७ च्या सुरुवातीला अतिवृष्टीमुळे नदीचं गोडं पाणी लोटलं आणि इथले हजारो जीव मेले. काही वर्षांत तेही सावरले. पुन्हा तोच मुद्दा, की जागा शाबूत राहिली तर जीव परत भरतात.

चेक जावाच्या या गोष्टीला जोडून आमच्या भागातलं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण जंगल आणि गाव यांत एकाचा बळी द्यावाच लागतो ही समजूत त्यानं खोटी ठरते. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे हिवरखेडवरून, वान रोड आणि धूळघाटच्या वळणातून मेळघाटच्या गाभ्यातून जाई. ती रुंद करताना जुन्याच मार्गानं, वाघांच्या घरातून, न्यायची की बाहेरून, यावर अनेक वर्षं वाद झाला. बाहेरचा मार्ग लांब आहे, खर्चाचा आहे, असं म्हणणारे होते आणि ते चूक सांगत नव्हते. अखेर जंगल टाळून अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूनं नेण्याचा मार्ग पुढं आला. म्हणजे जंगल अखंड राहतं आणि रेल्वे माणसांच्या वस्तीतून जाते, जिथं कापूस आहे, संत्री आहेत, चढणारी माणसं आहेत. जास्तीचे किलोमीटर हा तोटा धरायचा की त्या किलोमीटरवरची गावं हा फायदा धरायचा, हे हिशेब करणाऱ्याच्या नजरेवर असतं.

संध्याकाळच्या बोटीनं चांगीला परतलं की धक्क्याजवळच्या खाद्यबाजारात नासी लमाक मिळतो. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, अंडं आणि लाल मिरचीची तिखट चटणी. मलाय खेड्यांतलं हे साधं जेवण. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती चटणी परकी वाटत नाही. सिंगापूरच्या या खाद्यबाजारांची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. इथं शेवटचा आक्षेप उभा राहतो. खेडं गेलं असेल, पण त्याची चव शहरात आली, जपली गेली, जगभर मान्य झाली, मग गाव गेलं कुठं? मला वाटतं, चव ही गावाची उत्तम आठवण आहे आणि ती टिकवणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्या ताटातला तांदूळ, नारळ, मासळी, मिरची जवळपास सगळं बाहेरून येतं. ताट राहिलं, त्यामागचं वावर आणि खाडी यांचं ज्ञान राहिलं नाही. पुण्यात वऱ्हाडी जेवणाची पाटी लावलेल्या खाणावळी वाढताहेत आणि त्याच काळात वऱ्हाडात ज्वारीचा पेरा सोयाबीननं मागं रेटला, हीही त्याच जातीची गोष्ट आहे.

मी स्वतः गाव सोडून परदेशात राहतो, तेव्हा गाव टिकावं असं म्हणायचा मला काय अधिकार, हे कुणीही विचारू शकतं. माझं उत्तर असं की गाव सोडणाऱ्याला थांबवा असं मी म्हणतच नाही. माणसं जातील, त्यांनी जावं. मी म्हणतो ते नोंदीबद्दल. सिंगापुरानं हे उशिरा ओळखलं. २०१४ मध्ये उबिनचा वारसा जपण्यासाठी प्रकल्प सुरू केला, एक जुनं घर जसं होतं तसं उभं केलं, उरलेल्या रहिवाशांच्या आठवणी गोळा केल्या. तोवर दोन हजारांतले बहुतेक पांगले होते. आपल्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही. धारगड, केलपाणी, बारुखेडा, नागरतास इथून उठलेली माणसं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर राहतात, तास-दोन तासांच्या अंतरावर. हिवरखेड-दानापूरला पानपिंपरी लावणारे कास्तकार आहेत. तेव्हा तालुक्यातल्या शाळांनी, महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी हे काम हाती घ्यावं. जुन्या गावठाणांचे नकाशे त्या माणसांकडून काढून घ्यावेत, विहिरींची, नाल्यांची, झाडांची, देवांची नावं कोरकूत आणि मराठीत लिहून घ्यावीत, पानमळ्याची वर्षभराची कामं महिनेवार उतरवावीत. याला मोठा निधी लागत नाही, वही आणि फोनचा ध्वनिमुद्रक पुरतो. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून येत्या उन्हाळ्याच्या सुटीतच सुरुवात करावी.